प्रमिलाअक्का आणि मनगटं

प्रमिलाअक्का माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी मनगट बघतात.

आम्ही जळगावच्या या कॉलनीत राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. शेजारच्या घरातून साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सावळ्या एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या माझ्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आपुलकी. पण त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर काहीतरी चाचपत होता.

"कशी पडनी व्हती वं माय?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"तू. सायकलवरून का?"

मी खरंच सायकलवरून पडले होते. बारावीत असताना, असोद्याहून क्लासला येताना. ती गोष्ट मी स्वतः विसरले होते.

"हाड थोडं तिरकं जुळलंय," त्या म्हणाल्या. "प्लास्टर लवकर काढलं असणार. परीक्षा होती?"

परीक्षाच होती. आमच्या ह्यांना वाटलं, बाई ज्योतिष बघतात. त्यांनी लगेच हातातली बादली खाली ठेवून तळहात पुढे केला. अक्कांनी तो धरला आणि पालथा करून टाकला. "रेषा मला काय करायच्यात? हाड दाखवा," म्हणाल्या. त्यात काही सापडलं नाही, तेव्हा ह्यांच्यातला त्यांचा रस संपला तो आजतागायत परत आलेला नाही.

अक्का मूळच्या भडगावच्या. वडील गिरणेच्या कालव्यावर कामाला होते. घरात शिकलेली पहिली मुलगी म्हणजे अक्का. धुळ्याला जाऊन नर्स झाल्या आणि तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत त्यांची नेमणूक झाली. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. मग भाच्यानं आग्रह केला, म्हणून जळगावला त्याच्या शेजारी घर घेतलं. अक्कांनी घर घेतलं आणि भाचा बदलून नाशिकला गेला. त्याच्या रिकाम्या झालेल्या घरात आम्ही राहायला आलो.

आता इतकी वर्षं प्लास्टरच्या खोलीत काढल्यावर माणसाला पाय, गुडघे, खुबे सगळ्याचंच सारखं वाटायला हवं. पण अक्कांचा जीव मनगटावर. पायाच्या हाडाला त्या 'खांब' म्हणतात आणि विषय संपवतात. मनगटाचं नाव काढलं की मात्र चहा निवतो. मनगटात आठ लहान हाडं असतात, दोन ओळींत बसवलेली. त्यातलं प्रत्येक अक्कांना घरच्या माणसासारखं माहीत आहे, गुणदोषांसकट. सगळ्यात राग नावेच्या आकाराच्या हाडावर.

"अंगठा ताणून वर कर," त्या सांगतात. "मुळाशी खळगा पडला ना? जुने लोक तिथे तपकीर ठेवून ओढायचे. त्या खळग्याच्या तळाशी हे हाड शे. महालबाड. तडकलं तरी पहिल्या फोटोत दिसत नाही. माणूस म्हणतो लचकलं, आणि मलम चोळत बसतो. शिवाय ह्याला रक्त येतं ते उलटं, बोटांकडून मागे. मधोमध तुटलं की मागचा तुकडा उपाशी मरतो. वर्षभरानं माणूस येतो, म्हणे सिस्टर, तांब्या उचलवत नाही."

पण खरा आवडता प्रश्न एकच. पडलात कसे? माणूस मनगट मोडून समोर बसलेला असतो, विव्हळत असतो, आणि अक्का विचारत असतात, कुठला पाय आधी घसरला, तोंड कुठे होतं, हातात काय होतं. कारण हाड कसं मोडलं त्यावरून पडणं कळतं आणि पडणं कळलं की हाड कसं बसवायचं ते कळतं. धुळ्याला एक गृहस्थ बायकोबरोबर आले होते. बाथरूममध्ये पडलो म्हणाले. अक्कांनी फोटो उजेडात धरला आणि बायकोदेखत विचारलं, "बाथरूममध्ये मोटरसायकलचं हँडल होतं का?" बाथरूममध्ये पडणारा तळहात टेकतो, मग हाड मागे कलतं. ह्याचं, हँडल मुठीत धरून पडणाऱ्यासारखं, पुढे कललं होतं. गृहस्थ आदल्या दिवशी मित्राची मोटरसायकल घेऊन सोनगीरच्या किल्ल्यावर जेवायला गेले होते, हे त्याच टेबलावर उघडकीला आलं. "मनगट मी बसवलं," अक्का सांगतात. "बाकीचं काय झालं, माहीत नाही."

आणि केळीच्या सालीवरून घसरून पडलेला माणूस? मी एकदा विचारलं. जळगाव म्हणजे केळी, म्हणून.

"आख्ख्या नोकरीत एक," अक्का म्हणाल्या. "तो पण इंदूरचा होता."

मी शाळेत विज्ञान शिकवते. एकदा गॅदरिंगला अक्कांना घेऊन गेले, ती माझी चूक. नाच सोडून त्या प्रयोगशाळेत शिरल्या. तिथे आमचा सांगाडा उभा असतो. दहा मिनिटांनी शिपाई धावत आला, "बाई, तुमच्या अक्का सांगाड्याशी भांडताहेत." जाऊन बघते तर अक्का त्याचे दोन्ही हात धरून उभ्या. सांगाड्याचा डावा पंजा उजव्या हाताला आणि उजवा डाव्या हाताला तारेनं बांधलेला होता.

"किती वर्षं शिकवतेस ह्याच्यावर?"

"अकरा," मी म्हणाले.

"अकरा वर्षांत हा माणूस पाठीला साबण कसा लावत असेल, असं तुला एकदा पण वाटलं नाही?"

मग त्यांनी मनगटाची हाडं मोजली. आठ पाहिजेत, सात होती. वाटाण्याएवढं एक हाड गायब. शिपाई म्हणाला, उंदरानं नेलं असेल. अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं तिथल्या तिथे कपाटाखाली हात घालून शोधायला सुरुवात केली. हाड काही सापडलं नाही, पण पंजे त्याच दिवशी बदलले गेले. तेव्हापासून मी वर्गात जरा दबूनच शिकवते.

गेल्या वर्षी कॉलनीतल्या दोन बायका लागोपाठ मनगट मोडून बसल्या. एक ओट्यावरून, एक पायरीवरून. अक्का भडकल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या गच्चीवर गाद्या टाकायला लावल्या आणि जाहीर केलं, उद्या सकाळी सातपासून पडण्याचा क्लास.

आलो आम्ही सहा बायका आणि देवराम नाना. नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर चालत्या गाडीत उभे राहिल्यामुळे आपल्याला पडणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बघायला आले होते. अक्कांनी त्यांना पहिल्या गादीवर उभं केलं.

अक्कांच्या एका हातात कपाशीची वाळलेली पऱ्हाटी होती, एका हातात कडुलिंबाची ओली फांदी. "लहान पोराचं हाड असं," म्हणून त्यांनी फांदी वाकवली. ती वाकली. "आणि आपलं असं." पऱ्हाटी काडकन मोडली. देवराम नाना एक पाऊल मागे सरले.

"पडताना हात आपोआप पुढे जातो," अक्का सांगू लागल्या. "तोंड वाचवायला जातो, त्याचा दोष नाही. पण तळहात जमिनीला टेकतो, जमीन वर ढकलते, वरून आख्खं अंग येतं. आणि दोघांच्या मध्ये कोण सापडतं? अंगठ्याच्या बाजूचं हे हाड. बठ्ठा भार आठेच येस, सगळा इथेच! त्याचं टोक रुंद असतं, पण वर पातळ साल आणि आत नुसती जाळी, पावासारखी. बाईची पन्नाशी झाली की जाळी आणखी विरळ. पुढची बाजू ताणली जाते, मागची चेपली जाते, आणि मनगट जेवणाच्या काट्यासारखं दिसायला लागतं. म्हणून हात द्यायचा नाही! गुडघे वाकवा, हनुवटी छातीला लावा, कुशीवर वळा, आणि मांडीवर, मग खांद्यावर लोळा. हात पोटाशी. हात म्हणजे काय जॅक शे का, गाडी उचलायला?"

आम्ही पडलो. हसत, ओरडत, साड्या सावरत पडलो. जी बाई हात पुढे करी, तिच्या नावानं अक्का ओरडत, "मोडलं! तुझं मोडलं! बस बाजूला सहा आठवडे!" आणि तिला खरंच बाजूला बसवत. आठवड्याभरात आम्ही बऱ्यापैकी पडायला लागलो. सगळ्यात चांगले देवराम नाना पडायचे. त्यांना तो नाद लागला.

महिन्याभरात परीक्षाही झाली. भाजीबाजारात नानांचा पाय कोथिंबिरीच्या चिखलात घसरला. नानांनी गुडघे वाकवले, हनुवटी छातीला लावली आणि कुशीवर वळून असे सुरेख लोळले, की लोकांना वाटलं, ह्यांना फिट आली. चौघांनी दाबून धरलं. कोणीतरी नाकाला कांदा लावला. नाना ओरडत होते, "अरे, मी बरोबर पडलोय!" कोणी ऐकेना. पण मनगट शाबूत होतं. अक्कांनी ती बातमी कॉलनीत पाच दिवस सांगितली.

आणि मग अक्का पडल्या.

त्या रविवारी मी ओटा धूत होते. साबणाचं पाणी टाकलेलं, फरशी गुळगुळीत. अक्का फाटकातून आल्या. हातात वाटी, वाटीत वांग्याचं भरीत, वर तेलात तळलेली हिरवी मिरची. मी "अक्का, थांबा" म्हणेपर्यंत त्यांचा पाय सुटला होता.

मी ते पडणं अगदी स्पष्ट पाहिलं. त्यांना वळता आलं असतं. गुडघे वाकलेही होते. पण कुशीवर लोळायचं तर वाटी सोडावी लागली असती. अक्कांनी वाटीचा हात वर धरला आणि दुसरा, डावा, सरळ जमिनीवर टेकला. आवाज मी ऐकला. गच्चीवर पऱ्हाटीचा आला होता तसाच होता.

"भरीत सांडलं का?" त्यांनी पहिलं विचारलं.

नव्हतं सांडलं. एक मिरची फक्त बाहेर आली होती.

मी रडायला लागले. साबण माझा, पाणी माझं. अक्का ओल्या फरशीवर बसून आपलं मनगट बघत होत्या. ते खरंच काट्यासारखं वाकलं होतं. "रड नंतर," त्या म्हणाल्या. "आधी उशी आण आणि पुठ्ठा आण."

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारायच्या आत अक्कांनी सगळं सांगून टाकलं, डावं मनगट, अंगठ्याच्या बाजूचं हाड, सांध्याच्या दोन बोटं वर, मागे कललंय, सांध्यात चीर गेलेली नाही. डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, आधी फोटो काढू या." फोटो आला. तो त्यानं एकदा बघितला, एकदा अक्कांकडे बघितलं आणि मग त्यांना 'सिस्टर' म्हणायला लागला.

"पडलात कशा?" त्यानं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न अक्कांना कुणीतरी विचारत होतं. त्या खिडकीकडे बघू लागल्या. "पडले," म्हणाल्या. "लोक पडतात."

हाड बसवायला दोन माणसं लागतात. एक पंजा ओढतो, दुसरा कोपराशी दंड घट्ट धरून उलट ओढतो, नाहीतर आख्खा माणूसच सरकून येईल. दवाखान्यातला मदतनीस दुसरीकडे अडकला होता. अक्का म्हणाल्या, "ही धरेल. विज्ञानाची बाई शे." बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं होतं. मी कोपराशी दंड धरला. अक्का पडल्या पडल्या सूचना देत होत्या. "आधी मोडलंय त्याच बाजूला थोडं आणखी वाकवा, म्हणजे अडकलेलं सुटेल. मग ओढा. मग खाली दाबा." डॉक्टर बिचारा "हो सिस्टर, हो सिस्टर" करत होता. त्यानं ओढायला सुरुवात केली, आणि अक्का एकदम गप्प झाल्या. त्यांचा दुसरा हात आला आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरून राहिला. एवढ्या माणसांची हाडं ओढताना ज्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, त्या अक्का गप्प होत्या. मला तेव्हा कळलं, की बोलतं ठेवायचं काम समोरच्याचं असतं. मी काहीतरी बोलायला लागले. शाळेचं, सांगाड्याचं, देवराम नानांच्या कांद्याचं. त्या मान हलवत राहिल्या.

प्लास्टर घालताना त्या परत मूळपदावर आल्या. "इतकं वाकवू नका, नस दबते. बोटं मोकळी ठेवा. मूठ वळली पाहिजे." घरी निघताना रिक्षात मला म्हणाल्या, "कॉलनीत सांगशील, की मी कुशीवर पडले."

"मग मनगट कसं मोडलं म्हणून विचारतील."

अक्कांनी विचार केला. "मग सांगू नको काहीच."

पण सगळे आले आणि सगळ्यांनी तेच विचारलं. देवराम नाना तर खुर्ची ओढून समोर बसले. "अक्का, कुठला पाय आधी घसरला? हातात काय होतं?" अक्कांनी त्यांना चहा न देता घालवून दिलं.

अक्का एकट्या राहत. एका हातानं काय काय येत नाही, ते मला त्या सहा आठवड्यांत कळलं. कणीक मळता येत नाही, बरणीचं झाकण उघडत नाही, कपडे पिळता येत नाहीत. आणि वेणी घालता येत नाही. अक्कांचे केस अजून कमरेपर्यंत आहेत, करडे आणि दाट. ड्यूटीवरची अंबाड्याची सवय नंतरही राहिलेली, त्यामुळे ते कोणी बघितलेच नव्हते. मी रोज शाळेत जाण्याआधी पंधरा मिनिटं त्यांच्याकडे जायचे. त्या पाटावर बसत, मी मागे खुर्चीवर.

पाठमोरं माणूस जास्त बोलतं. अक्का मनगटं सोडून इतर गोष्टी बोलायला लागल्या. गिरणेच्या पुराच्या, आईच्या, पौर्णिमेला विहारातली वंदना झाल्यावर सगळ्या गल्लीत वाटलेल्या खिरीच्या. एकदा मी विचारलं, "अक्का, लग्नाचं बोलणं कधी झालंच नाही का?"

"एकदा झालं व्हतं की. धुळ्याकडचे एक मास्तर आले होते बघायला. उंच, गोरे. मला आवडले पण. मी चहा दिला. कप घेताना त्यांचं मनगट वळेना. मी विचारलं, कधी पडला होतात? म्हणाले, पडलोच नाही. मी म्हटलं, हात बघू, आणि अंगठ्याखाली दाबलं. मास्तर ओरडले. मी सांगितलं, तुमचं नावेचं हाड जुळलेलं नाही, ऑपरेशन लागेल."

"मग?"

"मग त्यांची आई उठली. म्हणे, मुलगी बघायला आलो की दवाखान्यात?"

मी इतकी हसले, की वेणीचे तिन्ही पेड सुटले. अक्काही हसल्या.

"दोन वर्षांनी आले मास्तर दवाखान्यात. हात दुखतो म्हणून. बायको बरोबर होती. चांगली होती बायको. ऑपरेशन झालं, प्लास्टर मीच घातलं." मग फणी माझ्याकडे देत म्हणाल्या, "निदान बरोबरच होतं माझं."

मी पेड परत घेतले.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात बारीक, कोरडा, ताठ. अक्कांनी त्याला कामाला लावलं. गरम पाण्यात बुडवणं, कणकेचा गोळा दाबणं, ओला पंचा पिळणं, तळहात वर, तळहात खाली, पुन्हा वर. आपल्याच हातावर ओरडायच्या. दीड महिन्यानं डॉक्टरनं बघून सांगितलं, "सिस्टर, फार छान. आता सगळं करा." अक्का मला म्हणाल्या, "तो पोरगा शे. त्याला काय कळतं? हात अजून मागे जात नाही." म्हणून माझं जाणं चालूच राहिलं.

मागच्या आठवड्यात शाळेत तपासणी होती. मी नेहमीपेक्षा दहा मिनिटं लवकर निघाले. अक्कांचं फाटक उघडंच होतं. ओट्यावर चढले, तर खिडकीतून आतलं दिसलं. अक्का आरशापुढे उभ्या होत्या. दोन्ही हात डोक्यामागे, आणि बोटं अशी भराभर चालली होती, की मला पेडसुद्धा वेगळे दिसेनात. मनगट वळत होतं, वाकत होतं, कुठे अडत नव्हतं. सरळ, घट्ट, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक वेणी. टोकाला रबर लावून त्यांनी ती पुढे घेतली, बघितली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रबर काढलं आणि खालपासून एक एक पेड सोडवायला लागल्या. सगळे केस मोकळे केले, पाठीवर पसरले, पाट मांडला आणि फणी मांडीवर ठेवून बसल्या.

मी पाय न वाजवता फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर थोडा वेळ उभी राहिले. मग नेहमीच्या वेळेला फाटकाची कडी जरा जोरात वाजवून आत आले.

"आलीस?" अक्का म्हणाल्या. "आज जरा घट्ट घाल. काल दुपारीच सैल झाली."

मी खुर्ची ओढली आणि फणी घेतली.